कळांआधीचा मुक्काम : इथिओपिया आणि गडचिरोली

अदिस अबाबा : इथिओपियातील बहुसंख्य खेडी उंच, दऱ्याखोऱ्यांनी तुटलेल्या पठारावर विखुरलेली असून, अडलेल्या बाळंतिणीला दवाखान्यापर्यंत वेळेत पोचवणे अनेकदा अशक्यच ठरत असल्याने, दिवस भरत आलेल्या स्त्रीने कळा सुरू होण्यापूर्वीच आरोग्यकेंद्रालगतच्या निवासात येऊन राहावे, अशी सोय या देशात रुजली आहे. गुरागे भागातील अत्तात रुग्णालयात असा निवास १९७६ पासून चालत आला आहे. पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की भामरागडचा संपर्क तुटतो आणि गरोदर स्त्रीला बाजेवरून न्यावे लागते, हे जाणणाऱ्या पोंभुर्णा ते गडचिरोली पट्ट्यातील वाचकांना आदिवासी भागातील प्राथमिक आरोग्यकेंद्रांजवळची ‘माहेरघरे’ याच जातीची आहेत, हे सहज ओळखता येईल.

मातामृत्यूंमागे तीन प्रकारचे विलंब असतात, अशी मांडणी थॅडियस आणि मेन या संशोधकांनी १९९४ मध्ये केली : घरात निर्णय होण्यास लागणारा, वाटेत जाणारा आणि दवाखान्यात पोचल्यावर उपचार सुरू होण्यास लागणारा. निवासामुळे दुसरा विलंब टळतो. पहिल्यासाठी मात्र घराच्या उंबऱ्यापर्यंत जाणारे माणूस लागते. इथिओपियाने त्यासाठी २००३ पासून प्रत्येक ‘केबेले’त, म्हणजे साधारण पाच हजार वस्तीच्या सर्वांत लहान प्रशासकीय घटकात, दहावीपर्यंत शिकलेल्या आणि वर्षभर प्रशिक्षण घेतलेल्या दोन स्थानिक स्त्रिया पगारी नोकर म्हणून नेमण्यास सुरुवात केली. भारतातील आशा हजारभर वस्ती सांभाळत असली, तरी तिची गणना स्वयंसेविकेत होते आणि तिला मिळतो तो मोबदला, पगार नव्हे. हा फरक नजरेआड करण्याजोगा नाही. इथिओपियाच्या राष्ट्रीय पाहणीनुसार आरोग्यसंस्थांतील बाळंतपणे २००० मधील ५ टक्क्यांवरून २०१६ मध्ये २६ टक्क्यांवर गेली, तर दर लाख जिवंत जन्मांमागील मातामृत्यू ८७१ वरून ४१२ वर आले.

निवास बांधला म्हणजे स्त्रिया येतातच असे नाही, कारण मागे राहिलेली मुले, गुरे आणि रोजची चूल यांचा घोर त्यांना सुटत नाही. म्हणूनच इथिओपियात अनेक ठिकाणी गावकरी निवासासाठी धान्य आणि सरपण देतात, आणि बाळंतिणीला घरी मिळणारे ‘गेन्फो’, म्हणजे मसालेदार लोणी घातलेले पिठाचे घट्ट खाणे, काही केंद्रांतच शिजते; माहेरघरातही गरोदर स्त्रीसोबत तिचे लहान मूल आणि एक नातेवाईक यांच्या राहण्याजेवणाची सोय धरलेली असते, ती याच कारणाने.

तरीही दोन्हीकडचा हिशेब बाळंतपणापाशी थांबतो. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील वसा आणि अमिर्झा या गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले, की ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता आणि पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. अंगावरून पांढरे जाणे, पाळीच्या तक्रारी, ओटीपोटातील दुखणे हे सारे मुकाट्याने सोसले जात होते, आणि माता-बालसंगोपन व कुटुंबनियोजन यांवर बेतलेल्या कार्यक्रमांत त्याला जागा नव्हती. प्रजनन आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, तर या बाबतीतले सर्वांगीण स्वास्थ्य होय, ही व्याख्या १९९४ च्या कैरो परिषदेत जगाने मान्य केली ती त्यानंतर.

आफ्रिकेतील असो वा वैनगंगेकाठची असो, ग्रामीण स्त्रीला घरकामापासून दूर आणि परिचारिकेच्या हाताशी असे सलग काही दिवस प्रसूतीपूर्व निवासातच मिळतात. त्या दिवसांत रक्तक्षय आणि पूर्व विदर्भात आढळणारा सिकलसेल यांची तपासणी, गर्भनिरोधनाच्या साधनांची निवांत माहिती आणि तिच्या जुन्या दुखण्यांची विचारपूस होऊन पुढील उपचारांची तारीख ठरली, तर या निवासांचा खर्च एका बाळंतपणापलीकडे तिच्या उरलेल्या आयुष्यालाही उपयोगी पडेल.