वस्त्रगाळ करूनही जिवंत

१९०७ साली अमेरिकेतल्या एच. व्ही. विल्सन यांनी एका लालभडक समुद्री स्पंजाला चक्क वस्त्रगाळ केलं. गिरणीत पीठ चाळायला वापरतात तसलं तलम रेशमी कापड घेतलं, त्यात स्पंजाचे तुकडे बांधले आणि समुद्राच्या पाण्यात पिळले. कापडातून उतरलं ते लालसर गढूळ पाणी, म्हणजे सुट्या पेशी आणि त्यांचे बारीक पुंजके. माशाचं असं केलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. इथं पेशी तळाशी सरपटू लागल्या, एकमेकींना चिकटल्या आणि काही दिवसांत त्यांचा पुन्हा स्पंज झाला! पुढे लाल आणि पिवळ्या जातींचं गाळप एकत्र कालवून पाहिलं, तर लाल पेशी लालांत गेल्या, पिवळ्या पिवळ्यांत.

हे जमतं, कारण स्पंजात मोडण्यासारखं फारसं काही नसतंच. हृदय नाही, पोट नाही, मज्जातंतू नाहीत. अंगभर बारीक छिद्रं, म्हणून शाळेच्या पुस्तकात हा ‘रंध्रीय’. आतल्या पोकळ्यांना कॉलर पेशींचं अस्तर. प्रत्येक पेशीला एक चाबूक आणि त्याभोवती झालर. चाबूक हलला की पाणी ओढलं जातं, झालरीत जिवाणू अडकतात आणि तीच पेशी ते गिळते. गाळलेलं पाणी मोठ्या तोंडातून बाहेर. हे कारंजं १८२५ च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं एडिंबरातल्या रॉबर्ट ग्रँट यांनी. तोवर स्पंज वनस्पती की प्राणी, यावरच वाद होता. हेच ग्रँट पुढे तरुण डार्विनला किनाऱ्यावर घेऊन हिंडले.

एवढ्याशा भांडवलावर नऊ हजारांहून अधिक जाती. भूमध्य समुद्राच्या एका गुहेत तर पाणी गाळणं सोडून चिमुकले कवचधारी जीव पकडून खाणारा स्पंज निघाला. ही १९९५ ची बातमी. खोल समुद्रातला ‘व्हीनसची फुलपरडी’ नावाचा स्पंज काचेच्या तंतूंची जाळी विणतो. लहानपणी आत शिरलेली कोळंबीसारख्या जिवांची जोडी मोठी झाली की जन्मभर आतच. जपानात या स्पंजाचा सांगाडा लग्नात आहेर म्हणून देत. नवरा-नवरीला त्यातलं मर्म कळत असेल का, कोण जाणे.

जागचं हलता येत नाही, म्हणून बरेच स्पंज रसायनांनी लढतात. रसायनशास्त्रज्ञ वर्नर बर्गमन यांना १९५० च्या सुमारास कॅरिबियन स्पंजात काही अनोखी संयुगं सापडली. त्याच धर्तीवर सायटाराबिन तयार झालं. १९६९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं हे औषध रक्ताच्या कर्करोगावर आजही देतात.

कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर मोठ्या ओहोटीला एखाद्या दगडाखाली नारिंगी, मऊ साय धरलेली दिसली आणि तिच्यावर बारीक भोकं असली, तर ते शेवाळ समजू नका. पाहून झालं की दगड होता तसाच पालथा ठेवा. उन्हात उघडा राहिला तर स्पंज सुकून मरतो.