एआयच्या हाती किती द्यायचं?

मायक्रोसॉफ्टच्या ‘कोपायलट’ या एआय मदतनिसातली एक त्रुटी जून २०२५मध्ये ‘एम लॅब्ज’ या सायबरसुरक्षा संशोधकांच्या गटानं जाहीर केली. तिला त्यांनी ‘इकोलीक’ असं नाव दिलं. एरवी सायबरहल्ला म्हटलं की कुणीतरी भलत्याच लिंकवर क्लिक केलेलं असतं, नाहीतर ओटीपी सांगितलेला असतो. इथं कर्मचाऱ्यानं काहीच चुकीचं करण्याची गरज नव्हती. हल्लेखोरानं कंपनीतल्या एकाला एक ईमेल पाठवायचा, एवढंच पुरेसं होतं.

मेल दिसायला साधा, कामकाजाचा. त्यात वाचणाऱ्या माणसाला उद्देशून लिहिल्यासारख्या काही सूचना पेरलेल्या. पुढं कधीतरी तो कर्मचारी कोपायलटला कामाचा एखादा प्रश्न विचारतो. उत्तर शोधण्यासाठी कोपायलट कंपनीची कागदपत्रं, चॅट, जुने मेल चाळतो आणि त्या ओघात हा मेलही वाचतो. त्यातली सूचना अशी, की समोर असलेल्या मजकुरातली सर्वांत संवेदनशील माहिती एका चित्राच्या वेबपत्त्याला जोडून द्यावी. कोपायलट उत्तरात तो पत्ता टाकतो, ब्राउझर चित्र दाखवायला म्हणून आपण होऊन तिकडं जातो आणि पत्त्याला चिकटलेली माहिती त्याच्याबरोबर कंपनीबाहेर पडते. स्क्रीनवर काहीच वावगं दिसत नाही. या त्रुटीची तीव्रता १०पैकी ९.३ धरली गेली. मायक्रोसॉफ्टनं ती दुरुस्त केली आणि एकाही ग्राहकाला फटका बसला नसल्याचं सांगितलं.

ही एक फट बुजली, पण ती ज्या कारणानं पडली ते कारण कायम आहे. एआय वापरणाऱ्या प्रत्येक व्यावसायिकानं तेवढं तरी नीट समजून घ्यायला हवं.

चॅटजीपीटी किंवा कोपायलट यांच्या मुळाशी जे भाषा-प्रारूप असतं, ते मजकुराचे लहान तुकडे करतं. त्यांना टोकन म्हणतात. कंपनीनं आधी घालून दिलेले नियम, आपण विचारलेला प्रश्न आणि शोधून आणलेली कागदपत्रं हे सगळं टोकनांची एकच सलग माळ होऊन प्रारूपापुढं येतं. त्या माळेवरून पुढचं टोकन कोणतं असावं याचा अंदाज बांधत ते उत्तर रचतं. माळेतला कोणता भाग पाळायचा हुकूम आणि कोणता फक्त वाचायचा मजकूर, हे सांगणारी पक्की भिंत तिथं नसते. ‘मालकाच्या सूचनेला जास्त मान दे’ असं वळण प्रारूपाला लावता येतं, पण ते वळण संभाव्यतेचं असतं. शंभरदा टिकलेलं वळण पुढच्या खेपेला वेगळ्या शब्दांपुढं ढळू शकतं.

अशाच जातीचा एक दोष डेटाबेसच्या जगात होता. वेबसाइटवरच्या फॉर्ममध्ये नावाच्या जागी डेटाबेसचा हुकूम टाइप केला, की साइट तो मुकाट्यानं पाळायची. त्यावर खणखणीत इलाज निघाला. हुकूम एका वाटेनं पाठवायचा आणि लोकांनी भरलेली माहिती दुसऱ्या वाटेनं. भाषा-प्रारूपात अशी दुसरी वाट काढणं अजून कुणाला खात्रीनं जमलेलं नाही, कारण साध्या बोलीतली सूचना समजणं हाच त्याचा गुण आहे आणि दोषही तिथूनच येतो. या हल्ल्याला ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ हे नाव सायमन विलिसन या प्रोग्रॅमरनं २०२२मध्ये दिलं. ‘ओवास्प’ ही सॉफ्टवेअर सुरक्षेवर काम करणारी संस्था भाषा-प्रारूपांच्या धोक्यांची जी यादी काढते, तिच्यात तो पहिल्या क्रमांकावर आहे.

विलिसन यांनी २०२५मध्ये मांडलेला एक ठोकताळा मला फार उपयोगाचा वाटतो. यंत्राला खासगी माहिती वाचता येते, बाहेरच्या अनोळखी माणसाचा मजकूरही त्याच्यापर्यंत पोहोचतो आणि त्याला बाहेर काही पाठवता येतं. या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी जमल्या, की चोरीची वाट तयार झाली. तिन्हींपैकी एक तोडली, की ती वाट बंद. पुरवठादारांची बिलं वाचणाऱ्या एआयला मेल पाठवण्याची मुभा कशाला हवी? ग्राहकांच्या तक्रारींना उत्तर देणाऱ्या बॉटला पगाराच्या फाइली दिसायचं कारण काय? प्रारूप अधिक हुशार होण्याची वाट पाहण्यापेक्षा हे काम आज करता येण्यासारखं आहे आणि त्याला फारसा खर्चही नाही.

माहिती बाहेर जायला दर वेळी हल्लेखोरच लागतो असंही नाही. २०२३मध्ये सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी अंतर्गत सोर्स कोड चॅटजीपीटीत टाकल्याचं उघड झालं आणि मे महिन्यात कंपनीनं अशा साधनांवर बंदी घातली. आपल्याकडं हेच रोज लहान प्रमाणात चालतं. पगारपत्रकाची बेरीज जुळत नाही म्हणून अख्खी एक्सेल फाइल फुकटच्या खात्यावर चढवली जाते. तिच्यात नावं, पॅन, बँक खाते क्रमांक सगळं असतं. चूक असते एका सूत्रात. ते सूत्र आणि मनानं रचलेल्या चार ओळी दिल्या असत्या तरी उत्तर तेच मिळालं असतं.

फुकटच्या किंवा वैयक्तिक खात्यात टाकलेला मजकूर, सेटिंग बंद केलं नसेल तर, पुढच्या प्रारूपाच्या प्रशिक्षणात जाऊ शकतो. तिथून तो पुसणं वहीतली ओळ खोडण्याइतकं सोपं नाही, कारण तो कोट्यवधी आकड्यांमध्ये विरघळलेला असतो. तरीही तो कधीकधी जसाच्या तसा बाहेर येतो. नोव्हेंबर २०२३मध्ये गुगल डीपमाइंड आणि काही विद्यापीठांच्या संशोधकांनी चॅटजीपीटीला एकच शब्द अखंड म्हणत राहायला सांगितलं. थोड्या वेळानं ते भरकटलं आणि प्रशिक्षणातला मजकूर ओकू लागलं. त्यात खऱ्या माणसांचे ईमेल आणि फोन नंबरही होते.

म्हणून सरसकट बंदी घालावी का? माझं मत नाही असं आहे. बंदी घातली की लोक तेच काम स्वतःच्या मोबाइलवर करतात आणि मग कुठं काय गेलं याचा पत्ताच राहत नाही. त्यापेक्षा कंपनीनं एक साधन रीतसर विकत घ्यावं. आपला मजकूर प्रशिक्षणाला वापरणार नाही, किती दिवस ठेवणार आणि कुठल्या देशात ठेवणार, हे करारात लिहून घ्यावं आणि काय टाकायचं नाही हे कर्मचाऱ्यांना उदाहरणं देऊन सांगावं.

आता कायद्याकडं वळू. एअर कॅनडाच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटनं आजीच्या निधनामुळं प्रवास करणाऱ्या एका प्रवाशाला सांगितलं, की शोकप्रसंगीची सवलत तिकीट काढल्यावरही ९० दिवसांत मागता येईल. कंपनीचा नियम तसा नव्हता. वाद ब्रिटिश कोलंबियातल्या लवादापुढं गेला, तेव्हा चॅटबॉट ही स्वतंत्र व्यक्ती असून तिच्या बोलण्याची जबाबदारी तिचीच, अशा धर्तीचा बचाव कंपनीनं केला. फेब्रुवारी २०२४मध्ये लवादानं तो धुडकावला आणि कंपनीला व्याज व शुल्कासह सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर भरायला लावले. रक्कम किरकोळ आहे, पण एआय काय बोललं याचा जाब मालकालाच द्यावा लागेल हे त्यातून स्पष्ट झालं.

आपल्याकडंही तीच दिशा दिसते. ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका कंपनीवरचा प्राप्तिकर आकारणीचा आदेश रद्द केला, कारण अधिकाऱ्यानं आधाराला घेतलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. एआयच्या काळात यंत्रानं दिलेलं उत्तर पडताळल्याशिवाय वापरू नये, असं न्यायालयानं बजावलं. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाची माहिती घेणारा व्यवसायच तिला जबाबदार राहतो, मग प्रत्यक्ष काम बाहेरच्या एआय कंपनीकडून करून घेतलेलं असलं तरी. ‘तो दोष सॉफ्टवेअरवाल्याचा’ हे उत्तर तिथं चालणार नाही. सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले असून व्यवसायांवरची मुख्य बंधनं मे २०२७पासून लागू होतील.

त्याआधीचा एक नियम बऱ्याच लहान उद्योजकांच्या गावीही नसतो. देशाच्या सायबर आपत्कालीन यंत्रणेनं, म्हणजे ‘सर्ट-इन’नं, एप्रिल २०२२मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. त्या घटनांच्या यादीत एआय प्रणालींवरचे हल्लेही आहेत. घटना घडल्यावर कुणाला फोन करायचा हे शोधत बसलं तर सहा तास पुरत नाहीत. तेव्हा पुण्यातली आयटी कंपनी असो की नाशिकमधलं सीएचं कार्यालय, या आठवड्यात एक कागद घ्या. आपल्याकडं कोणतं एआय साधन कोण वापरतं, त्याला काय काय वाचता येतं आणि ते बाहेर काय पाठवू शकतं, हे लिहून काढा. जिथं गरज नाही तिथली परवानगी त्याच दिवशी काढून घ्या आणि घटना घडल्यास कळवायचं कुणी, ते नाव त्याच कागदावर लिहा.