खेळांचे गुणांक आणि त्यांची मुदत
व्हिडिओ गेमवरील समीक्षकाचा निवाडा ग्रंथपरीक्षणाइतका टिकत नाही, कारण ज्या वस्तूवर तो दिला जातो, ती प्रकाशनानंतरही दुरुस्त होत राहते. 2020 च्या डिसेंबरात ‘सायबरपंक 2077’ प्रसिद्ध होण्यापूर्वी समीक्षकांच्या हाती केवळ संगणकावरची आवृत्ती देण्यात आली होती, आणि तिच्या भरघोस प्रशंसेवर विसंबून ज्यांनी तोच खेळ प्लेस्टेशन 4 साठी घेतला, त्यांच्या पदरी अडखळणारी, मध्येच बंद पडणारी चीज आली. प्लेस्टेशनची निर्माती कंपनी सोनीने त्याच महिन्यात तो आपल्या दुकानातून काढून टाकला. 2023 मधील व्यापक दुरुस्तीनंतर त्याची मनःपूर्वक स्तुती झाली, तरी आरंभीचे गुण दप्तरी कायमच आहेत. शिवाय, निरनिराळ्या परीक्षणांची सरासरी काढणारे मेटाक्रिटिक कोणत्या नियतकालिकास किती वजन देते हे उघड करीत नाही, ही गोष्ट आम्हांस खटकते.

पुनर्निर्मित खेळाचा निवाडा तर आणखी वेगळा, कारण त्याला आपल्याच पूर्वजाशी मुकाबला करावा लागतो. 2005 च्या ‘रेसिडेंट इव्हिल 4’ चा कॅपकॉमने 2023 साली केलेला नवा अवतार त्यात यशस्वी झाला. उलट ब्लिझर्डच्या ‘वॉरक्राफ्ट 3: रिफोर्ज्ड’ या पुनर्निर्मितीच्या बाबतीत, आधी जाहीर केलेल्या सुधारणा गाळल्या गेल्यामुळे, कंपनीस मागेल त्या ग्राहकाला रक्कम परत करण्याची तजवीज करावी लागली.