मनाचं आरोग्य : भाग 6
दवाखाना जवळ, वाट लांब

ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीतल्या एखाद्या मराठी घरात कुणाला साखर निघाली, तर संध्याकाळपर्यंत चार जण पथ्यं सांगून जातात. पण पहाटे तीनलाच जाग येते, घास उतरत नाही, कामावर जावंसं वाटत नाही, असं कुणी म्हटलं की उत्तर ठरलेलं : ‘तू विचार फार करतोस.’ त्यात घरात लग्नाची मुलगी असेल, तर गोष्ट उंबऱ्याबाहेर जात नाही. गोळ्या सुरू झाल्याच, तर पाकिटावरचं नाव खरवडून त्या कपाटात साड्यांखाली जातात.

ग्वाल्हेरला उपचारांची सोय नाही, असं नाही. मानसिक आरोग्यशाला 1935 पासून आहे, गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग आहे. तरी पाय अडखळतात, कारण ‘तिथे गेलेला कोंडला जातो’ ही भीती. ती अगदीच निराधार नव्हती. मनोरुग्णांविषयीच्या 1912 च्या कायद्यात माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध दाखल करण्याचा मार्ग मॅजिस्ट्रेटच्या हुकमातून जाई, आणि तो कायदा 1993 पर्यंत चालला. रांची, आग्रा आणि ग्वाल्हेर इथल्या मनोरुग्णालयांचा कारभार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1997 मध्ये न्यायालयाने त्यांच्यावर देखरेखीचं काम राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपवलं.

आज 2017 चा कायदा लागू आहे. सज्ञान माणूस स्वतःहून दाखल होऊ शकतो आणि घरी जायचं म्हणू शकतो. ठरावीक कारणांसाठीच डॉक्टर त्याला तपासणीपुरतं, फार तर 24 तास थांबवू शकतात. उपचारांची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. शिवाय बहुतेकांना दाखल व्हावंच लागत नाही. बाह्यरुग्ण विभागात दाखवून घरी येता येतं.

दुसरा अडथळा उपचार सुरू झाल्यावर येतो. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ किंवा सुस्ती मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवू शकते. नेमक्या त्याच वेळी घरातलं कुणी म्हणतं, ‘सवय लागेल हं.’ काही झोपेच्या गोळ्यांची सवय लागते, हे खरं. नैराश्यावरच्या औषधांची तशी लागत नाही. पण तीही मनाने एकदम बंद करू नयेत, चक्कर येते, अस्वस्थ वाटतं. त्रास डॉक्टरांना सांगितला, तर औषध किंवा मात्रा बदलता येते.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशही होता. देशभरात वेगवेगळ्या मनोविकारांचे 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांविना असल्याचं त्यात आढळलं.

घरच्यांनी करायचं ते थोडंच आहे : पहिल्या खेपेला सोबत जा, झोप, भूक आणि चालू औषधं कागदावर लिहून न्या आणि पुढची तारीख चुकवू देऊ नका. आधी फक्त बोलायचं असेल, तर 14416 हा ‘टेलिमानस’चा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. जीव देण्याची भाषा कानावर आली, तर मात्र त्या माणसाला एकटं सोडू नका, लगेच रुग्णालय गाठा.

(पुढील आठवड्यात : मानसोपचारतज्ज्ञ की समुपदेशक? कुणाकडे, कधी जावं?)