दुखतो खांदा, गाठ मात्र छातीत!

'डॉक्टर, गाठ फुफ्फुसाची, मग मेंदूचा डॉक्टर कशाला?' एसटीतून निवृत्त झालेल्या एका चालकाने मला विचारले. हातात मुंबईच्या रुग्णालयाची चिठ्ठी होती. प्रश्न रास्त होता; पण उत्तराआधी माझी चूक सांगतो.

हे गृहस्थ तीन महिने उजव्या खांद्याच्या दुखण्यासाठी माझ्याकडे येत होते. कळ काखेतून, हाताच्या आतल्या बाजूने करंगळीपर्यंत उतरायची. रात्री झोप नाही. आयुष्यभर स्टिअरिंग फिरवलेले, वय साठ. मी मानेच्या मणक्यांची झीज धरून चाललो. पट्टा, शेक, गोळ्या झाल्या. विड्या ओढतात हे ठाऊक असूनही, खोकला नाही म्हणून छातीचा एक्स-रे काढला नाही. एके दिवशी त्यांच्या पत्नी म्हणाल्या, 'यांचा उजवा डोळा बारीक दिसायला लागलाय.' पाहतो तो पापणी उतरलेली, बाहुली डावीपेक्षा लहान. मी चरकलो. एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या टोकाला सावली होती. तिथली सावली म्हणजे आपल्याकडे आधी क्षयाची शंका. पण थुंकीत जंतू नव्हते. सुईने तुकडा काढून तपासला. कर्करोग निघाला.

फिलाडेल्फियाचे क्ष-किरणतज्ज्ञ हेन्री पॅनकोस्ट यांनी १९२४ व १९३२ साली अशा गाठींचे वर्णन केले, म्हणून यांना पॅनकोस्ट ट्यूमर म्हणतात. फुफ्फुसाच्या कर्करोगांत यांचे प्रमाण शेकडा तीन ते पाच. पण जागा मोठी अडचणीची! फुफ्फुसाचे टोक मानेच्या मुळाशी पोहोचते. तिथूनच हाताच्या नसांचे जाळे व मोठ्या रक्तवाहिन्या जातात. मागे पाठीचा कणा आणि त्याला लागून डोळ्याकडे जाणारी नस. त्यामुळे खोकल्याआधी खांदा, हात आणि डोळाच तक्रार करतात.

पूर्वी ही गाठ असाध्य मानत. १९६१ मध्ये अमेरिकेतील शॉ व पॉल्सन यांनी आधी किरणोपचार आणि मग शस्त्रक्रिया हा मार्ग दाखवला. आता केमोथेरपी व किरणोपचार एकत्र देऊन, रोग दूरवर पसरला नसेल तर शस्त्रक्रिया करतात. छातीचे सर्जन फुफ्फुसाचा भाग व बरगड्या काढतात. नसा आणि कणा हा मात्र न्यूरोसर्जनचा प्रांत. कोणती नस सोडवायची, कोणती कापायची हे ते ठरवतात. छातीच्या पातळीची पहिली नस कापली तर हात बहुधा कामाचा राहतो. तिच्या वरची गेली तर पकडच जाते. गाठ मणक्यात शिरली असेल तर तो भाग काढून स्क्रू व सळ्यांनी कण्याला आधार देतात. मज्जारज्जूला धक्का लागू न देणे आणि त्याचे आवरण फाटल्यास पाणी छातीत झिरपू न देणे, हेही त्यांचेच काम. या साऱ्याचा नकाशा एमआरआयवर आधी पाहून घेतात.

आमच्या चालकाची एक नस कापावी लागली. शर्टाची बटणे लावायला आता वेळ लागतो, पण रात्रीची कळ थांबली. तपासण्या चालू आहेत; विडी सुटली आहे.

वाचकहो, विडी-सिगारेट ओढणाऱ्याचा खांदा महिनाभर उपचार करूनही थांबत नसेल, कळ करंगळीकडे जात असेल, पंजा बारीक होत असेल किंवा पापणी उतरली असेल, तर छातीचा एक्स-रे मागून घ्या. तो स्वच्छ आला तरी दुखणे चालूच असेल, तर सीटी स्कॅनबद्दल विचारा. डॉक्टर विसरले, तर तुम्ही आठवण करा. मला त्या माउलीने केली.