मुलांच्या हातचा काठीचा घोडा



अंगणांत पडलेली एखादी काठी दोन पायांमध्यें धरून भरधांव सुटणारें मूल आपण सर्वांनीं पाहिलें आहे. त्या मुलास घोड्याचें चित्र कोणी दाखविलेलें नसतें, खेळ कोणी शिकविलेला नसतो; परंतु काठी हातीं आली कीं तिचा घोडा होतो. हाच घोडा तीन ते सहा वर्षांच्या मुलांकडून त्यांच्या स्वतःच्या हातांनीं कसा करवून घ्यावा आणि तसें करण्यांत आपण मोठ्या माणसांनीं कोठें थांबावें, याविषयीं आज मी कांहीं सांगणार आहें.

हा खेळ फार जुना आहे. स्पार्टाचा राजा अजेसिलाउस हा घरांत आपल्या मुलांसमवेत काठीच्या घोड्यावर बसून खेळे, असें प्लूटार्क या ग्रीक चरित्रकारानें लिहून ठेविलें आहे. एका मित्रानें राजाला या स्थितींत पाहिलें, तेव्हां तूं स्वतः बाप होईपर्यंत हें कोणास सांगूं नकोस, अशी विनंती राजानें त्याला केली. ब्रूगेल या चित्रकारानें इ. स. १५६० मध्यें मुलांच्या खेळांचें एक विशाल चित्र काढलें. त्यांतही काठीच्या घोड्यावर स्वार झालेलें मूल दिसतें. आपल्याकडे गोव्यांत शिगम्याच्या दिवसांत घोडेमोडणी होते. तिच्यांत कमरेला घोड्याची आकृति बांधून प्रौढ पुरुष ढोलताशांच्या तालावर नाचतात. तात्पर्य, घोडा होण्याची व घोडेस्वार होण्याची हौस केवळ बाळपणाची नव्हे.

आतां कोणी विचारील कीं, नुसत्या काठीनें मुलाचें समाधान होत असेल, तर तिला डोकें, कान व आयाळ लावण्याचा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. रशियन मानसशास्त्रज्ञ विगोत्स्की यानें इ. स. १९३३ मधील आपल्या खेळाविषयींच्या व्याख्यानांत याच काठीचें उदाहरण घेतलें होतें. मुलाला कोणतीही काठी घोडा म्हणून चालते, पण पोस्टकार्ड चालत नाहीं; कारण काठीवर बसतां येतें, पोस्टकार्डावर येत नाहीं. म्हणजे घोड्याचें रूप नव्हे, तर घोड्यावर बसण्याची क्रिया ही या खेळाचा प्राण होय. यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली ही कीं, घोड्याचें डोकें कितीही ओबडधोबड झालें तरी खेळांत उणें पडत नाहीं. दुसरी ही कीं, डोकें करावयाचें तें खेळासाठीं नव्हे, तर मुलांच्या हातांसाठीं होय. या दोन गोष्टी ध्यानांत ठेविल्या म्हणजे पुढील सर्व कृति सोपी होते.

प्रथम काठी. ती मुलाच्या छातीइतकी, म्हणजे सुमारें अडीच ते तीन फूट लांब, आणि मुलाच्या मुठींत मावेल इतकी जाड असावी. बांबू हलका असतो, परंतु त्याची कुसळें हातांत शिरतात; म्हणून तो कांचकागदानें नीट घांसून घ्यावा. ज्वारीचें धाट त्याहूनही हलकें. पण सुटलेली साल सुरीसारखी कापते, म्हणून त्याला चिंधी गुंडाळावी. झाडूचा जुना दांडा सर्वांत उत्तम. खालच्या टोंकास सायकलीच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घट्ट बांधला, म्हणजे काठी घसरत नाहीं व दुसऱ्या मुलाच्या पायावर पडली तरी फारशी लागत नाहीं. वरच्या टोंकापासून चार बोटें खालीं एक उथळ खांच पाडून ठेवावी. हें सारें काम मोठ्यांचें.

डोक्यासाठीं मोठ्या माणसाचा जुना पायमोजा घ्यावा. त्याचा पुढचा भाग घोड्याचें तोंड, टांच हें कपाळ आणि वरचा लांब भाग ही मान. येथून पुढें काम मुलांचें. जुनीं धोतरें व साड्या यांना मोठ्यांनीं कडेला चिरा द्याव्या आणि मुलांनीं त्या फाडाव्या. चिंधी फाटतांना होणारा आवाज मुलांना फार आवडतो. मग एका हातानें मोजा धरून दुसऱ्या हातानें चिंध्या आंत दाबावयाच्या. दोन्ही हातांनीं एकाच वेळीं दोन निरनिराळीं कामें करावयाचीं, हें चार वर्षांच्या मुलास सोपें नसतें. पुढें लेखणी धरणाऱ्या बोटांना येथें बळ येतें. तोंडाकडचा भाग आधीं गच्च भरावा, नंतर काठी टांचेपर्यंत आंत घालावी आणि तिच्याभोंवतीं पुन्हां चिंध्या ठांसाव्या. नाहीं तर दौडींत घोड्याची मान फिरते. शेवटीं मोज्याचें तोंड खांचेवर सुतळीनें मोठ्यांनीं आवळून बांधावें.

आयाळीसाठीं लोकर किंवा सुतळी वीतभर लांबीची कापावयाची. बोथट टोंकाची कात्री दिली तर पांच वर्षांचें मूल हें काम आनंदानें करतें. दाभणानें तीं आयाळ मानेवर ओंवून देणें मात्र मोठ्यांकडे. डोळ्यांना बटणें लावण्याचा मोह होतो. पण तीन वर्षांखालचें भावंड घरांत असेल तर तें बटण उपटून गिळण्याचें भय असतें. त्यापेक्षां डोळे रंगानें काढावे, किंवा कापडाचे गोल तुकडे शिवावे. पुठ्ठ्याचें डोकें करावयाचें असेल तर मैद्याची खळ पुरते; मात्र पुस्तकें बांधणारे कारागीर खळींत मोरचूद घालतात, तशी खळ मुलांच्या हातीं कदापि देऊं नये. लगाम कापडी नाडीचा असावा, आणि त्याचा फेरा मुलाच्या डोक्यावरून गळ्यांत जाणार नाहीं इतका लहान ठेवावा.

हें सर्व एका बैठकींत उरकूं नये. लहान मुलांचें लक्ष एका कामावर दहापंधरा मिनिटें टिकलें तरी पुष्कळ झालें. एके दिवशीं चिंध्या, दुसऱ्या दिवशीं डोळे व आयाळ, तिसऱ्या दिवशीं बांधणी आणि दौड, असा क्रम बरा.

आतां मुख्य मुद्दा. एखाद्या मुलाच्या घोड्याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला येतात. एखाद्याची आयाळ नाकावर उगवते. मुलें घरीं गेल्यावर, पालकांना दाखवावयाचें म्हणून, आपण तें सारें उसवतों आणि नीटनेटकें करून ठेवितों. दुसऱ्या दिवशीं मूल त्या सुंदर घोड्याकडे पाहतें आणि माझा घोडा कोठें आहे, असें विचारतें. त्या प्रश्नाला आपल्यापाशीं उत्तर नसतें. घोडा सुधारला, पण आपल्या हातचें काम मोठ्यांस पसंत पडत नाहीं, एवढें त्या मुलास कळून चुकलें. गांठ सैल असेल तर आवळावी, खिळा वा कूस दिसली तर काढावी. सुरक्षिततेपुरता आपला अधिकार. रूपाचा अधिकार मुलाचा.

ताराबाई मोडक यांनीं इ. स. १९४५ मध्यें, आज पालघर जिल्ह्यांत असलेल्या बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें कार्य सुरू केलें. तेथें त्यांनीं व अनुताई वाघ यांनीं महागड्या साधनांऐवजीं गांवांत मिळणाऱ्या वस्तूंतून शिक्षणाचीं साधनें केलीं. काठी, फाटका मोजा व चार चिंध्या यांचा घोडा त्याच वाटेवरचा आहे. ज्या घरांत खेळणें विकत घेण्याची ऐपत नाहीं, त्या घरांतील मुलाचा घोडा येथें कोणाहून उणा ठरत नाहीं.

घोडे तयार झाले म्हणजे त्यांना मोकळें अंगण द्यावें. एक पाऊल सदा पुढें ठेवून दौडण्याची चाल मुलांना लंगडत उड्या मारण्याच्या आधीं साधते, म्हणून हा व्यायाम त्यांच्या वयास योग्य असाच आहे. सर्वांनीं एकाच दिशेनें दौडावें, आणि घोड्याचा उपयोग भाला किंवा लाठी म्हणून करूं नये, एवढे दोन नियम पुरेत. भिंतीशीं दोरी बांधून एक पागा करावी; खेळ संपल्यावर प्रत्येक स्वारानें आपला घोडा तेथें उभा करावा, त्याला चारापाणी विचारावें आणि मगच घरीं जावें. मुलांनीं आपापल्या घोड्यांस नांवें ठेविलेलीं असतात. तीं नांवें आपणही पाठ करावीं आणि दुसऱ्या दिवशीं मुलासमवेत घोड्याचीही विचारपूस करावी.