साम्राज्याची मधुवाटिका

मधाच्या केकचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्याचा आरंभ भटारखान्यात नव्हे, अरण्यात करावा लागतो. कारण जर्मनीतील न्युरेंबर्ग नगराला ज्या लेबकुखन नावाच्या मसालेदार मधाच्या केकने कीर्ती मिळवून दिली, त्याचे मूळ ‘साम्राज्याची मधुवाटिका’ म्हणून विख्यात असलेल्या, नगराभोवतीच्या राजवनात आहे. तेथील त्साइडलर, म्हणजे मध काढणारे हक्कदार, उंच झाडांच्या जिवंत खोडांत ढोल्या कोरीत आणि दोराच्या आधाराने वर चढून पोळी कापीत. १३५० साली चौथ्या कार्ल राजाने त्यांचे हक्क सनदेने कायम केले. धनुष्य बाळगण्याचा अधिकार, पवित्र रोमन साम्राज्यातील नगरांत जकातमाफी, फॉइख्ट गावी आपसांतील तंटे निवडणारी स्वतःची न्यायसभा, आणि त्याच्या मोबदल्यात मधपट्टी व प्रसंगी राजाची चाकरी, असा तो करार वाचताना आपल्याकडील वतनदारीची आठवण होते. मेण चर्चमधील मेणबत्त्यांना जाई, मध लेबकुखन करणाऱ्यांकडे.

परंतु एकट्या मधाने हा पदार्थ सिद्ध होत नाही. मलबारची मिरी आणि तिच्यासोबत दालचिनी, लवंग, वेलदोडे व्हेनिसला उतरत; तेथे महाकालव्याच्या काठी जर्मन व्यापाऱ्यांची स्वतंत्र वखार होती, आणि तिच्यातून हा माल आल्प्स ओलांडून न्युरेंबर्गला पोहोचे. जर्मन ‘फेफरकुखन’ आणि पोलंडमधील टोरून नगराचा ‘पिएर्निक’ या दोन्ही नावांत मिरीच दडलेली आहे, याचे मला फार अप्रूप वाटते.

कृती धीराची आहे. तापवलेला मध पिठात कालवून तो गोळा थंड जागी कित्येक आठवडे मुरत ठेवीत. त्यात आम्लता वाढे, आणि नंतर पोटॅश घालून मळताच वायू सुटून पीठ फुले. मध हवेतील ओल ओढून घेतो, म्हणून हा केक दीर्घकाळ मऊ राहतो, आणि नाताळची तयारी आधीपासून करता येते. काही प्रकारांत पिठाचे प्रमाण कमी असलेला, बदामादी मेव्याने जड झालेला चिकट लगदा भट्टीच्या पत्र्याला धरू नये म्हणून तो पातळ पांढऱ्या पापडीवर घुमटासारखा थापतात. ही पापडी ख्रिस्तप्रसादाच्या पापडीचीच बहीण होय. १६४३ साली न्युरेंबर्गमधील लेबकुखन करणाऱ्या कारागिरांची स्वतंत्र श्रेणी स्थापन झाली.

पूर्व युरोपातील ज्यू कुटुंबांत हाच गोडवा निराळ्या श्रद्धेने येतो: नववर्षाला ‘लेकाख’ हा मधाचा केक कापून येणारे साल मधुर जावो, अशी प्रार्थना करतात. रशियन ‘मेदोविक’मध्ये मधाच्या पातळ थरांमध्ये आंबट साय असते.

पुढे साखर स्वस्त झाली आणि झाडांतील ढोल्या ओस पडल्या. १९९६ साली न्युरेंबर्गच्या लेबकुखनला युरोपीय संघाचे नामसंरक्षण मिळाले. त्यातील उंची ‘एलिझेन’ प्रकारात मेवा किमान २५ टक्के आणि पीठ कमाल १० टक्के असावे लागते. फॉइख्ट गावी मात्र त्या जुन्या मध काढणाऱ्यांचे संग्रहालय आजही उभे आहे.